मागच्या डब्यातला पाऊस

मंगरूला वाघाने नेलं, ते साल २०१३. आमच्या गावात सालं अशीच लक्षात राहतात. तेंदूपानाच्या हंगामात मंगरू गेला, आषाढात पलीकडच्या गावची एक म्हातारी, आणि पोळ्याच्या आधी गुराखी. सावली गावाच्या पुढे जंगलाला लागून जी गावं आहेत, तिथे त्या वर्षी दिवस मावळायच्या आत दारं लागायची. अंधार पडला की वाघाला वाघ म्हणत नसत, नुसतं ‘जनावर’ म्हणत. मुलंसुद्धा हळू रडत.

आणि त्याच साली, वयाची पन्नाशी कधीच उलटून गेलेली असताना, मी प्रेमात पडले. आता हे सांगायची लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची… पण फार नाही.

माझं घर गावाच्या टोकाला आणि धानाची बांधी, म्हणजे शेत, त्याहून पुढे, थेट जंगलाच्या पायाशी. माझे मालक, भैयाजी, याच बांधीत रात्रीच्या राखणीला बसायचे. एका कार्तिकात ते मचाणावरून खाली उतरले आणि परत वर चढले नाहीत. तेव्हापासून शेत मी एकटीने केलं. मुलगा अजय चंद्रपूरला नोकरीला. त्या वर्षी पोळ्याला आला, तेव्हा जेवता जेवता म्हणाला, “आई, यंदाही डुकरांनी धान खाल्लं तर शेत ठेक्याने देऊन टाकू. तू चंद्रपूरला यायचं. आणि रात्री राखणीला जायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

“आणि धान वाचलं तं?”

“वाचलं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.”

म्हणजे पाहा कशी गोष्ट. धान वाचवायचं, पण शेतात रात्री माणूस ठेवायचा नाही. आणि हरले तर चंद्रपूरच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून राहायचं… भैयाजी ज्या मातीत गेले ती माती दुसऱ्याच्या नांगराखाली सोडून. मला झोप लागेना.

अजयचा एक जुना होम थिएटर माळ्यावर पडलेला होता. नवा टीव्ही आणल्यावर त्याने तो घरी टाकून दिला होता. एक मशीन, पाच लहान डबे आणि एक मोठा, ज्याला तो वूफर म्हणायचा. पलीकडच्या गावात कोणीतरी शेतात रेडिओ चालू ठेवतो आणि डुकरं फिरकत नाहीत, असं कानावर आलं होतं. माझ्याकडे तर पाच डबे होते! बाजाराच्या दिवशी मी ते सगळं पोत्यात भरलं आणि सावली गाठली.

दुकानावर पाटी होती, ‘गुणवंत साउंड’. आत एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस फुंकून फुंकून एका टेपरेकॉर्डरची धूळ काढत होता.

“हे वाजते का पाहा,” मी पोतं टेकवलं.

त्यांनी एकेक डबा हातात घेतला, बाळाला घ्यावं तसा. लाल तार लाल खाचेत, काळी काळ्या खाचेत. दोन डबे समोर, एक मधोमध, दोन माझ्या पाठीमागच्या फळीवर. “मागच्या तारा कमी पडून राह्यल्या,” असं पुटपुटत त्यांनी त्यांना जोड दिला. मग मला म्हणाले, “त्या स्टुलावर बसा, बाई. मधात.”

मी बसले. त्यांनी कुठल्याशा सिनेमाची तबकडी लावली. समोरून कोणीतरी बोललं, दार करकरलं… आणि माझ्या पाठीमागे पाऊस सुरू झाला. कौलांवर पडतो तसा, आधी चार थेंब, मग सरळ धार. मी पटकन पदर डोक्यावर ओढला आणि मागे वळले.

मागे फळी होती. बाहेर भाद्रपदाचं कडक ऊन.

ते हसले नाहीत. फक्त मिशी हलली. “सगळेच मागं पाह्यतात,” ते म्हणाले, “पण पदर कोणी नव्हता घेतला अजून.”

“पाऊस आला तं काय करू? नाचू?”

“येते का नाचता?”

“गिऱ्हाइकाशी असे बोलतात का दुकानदार?”

“मी कुठी दुकानदार? वीस हिवाळे वडशाच्या नाटकमंडळीत माइक लावले. मंडळी बुडाली आन् माइक माझ्यापाशी राह्यले.” त्यांनी पाऊस थोडा कमी केला. बंद मात्र केला नाही. “कुठी बसवायचं हे? समोरच्या खोलीत?”

“बांधीत.”

“…कुठी?”

“धानात. रानडुकरांसाठी.”

ते मग एका हाताने कान खाजवत म्हणाले, “वीस वर्षं लोकं म्हणत, गुणवंता, तुझ्या नाटकाले डुक्करही येणार नाई. आता पाहू.”

दोन दिवसांनी ते मोपेडवर ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर बांधून आले. सोबतीला मी सोमारीला घेतलं होतं. सोमारी म्हणजे मंगरूची बायको. जंगलातल्या टोलीवर, लहानशा वस्तीत, राहायची, माझ्या बांधीत रोवणीला, निंदणीला यायची. मंगरू गेल्यापासून ती कामाला येत होती, बोलायला नाही.

गुणवंतभाऊंनी तेलाचे रिकामे पिपे आणले होते. दंवात भिजू नये म्हणून एकेका पिप्यात एकेक डबा आडवा ठेवला. दोन रस्त्याच्या बाजूला, त्यांच्या मधात एक, आणि मागचे दोन जंगलाकडच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला. वूफर मचाणाखाली. बारक्या तारेत आवाज मरतो म्हणून घरात दिवे लावायची जाड तार ओढली. मोबाइल मशीनला जोडला, कुठलंसं बटण दाबलं. “नाईतर बोलणं मधल्याच डब्यातून येते. आता पाचही एकच बोलतील.” मग ते कमरेएवढ्या धानात मधोमध जाऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि सावकाश गोल फिरू लागले.

“हे काय करून राह्यले?” मी विचारलं.

“मांडवात असंच करावं लागते, बाई. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलेही पहिल्या रांगेएवढं ऐकू आलं पाहिजे.”

फिरता फिरता त्यांचं तोंड माझ्याकडे आलं आणि डोळे उघडले. ते तिथेच थांबले.

सोमारी माझ्या कानाशी म्हणाली, “हा माणूस धान पाहून राह्यला का तुले?”

आणि ती हसली. मंगरू गेल्यापासून पहिल्यांदा. मला कशाचा आनंद झाला ते मलाच कळलं नाही.

रात्रभर बांधीत गाणी वाजली. सकाळी जाऊन पाहते तर जंगलाकडची सगळी पट्टी लोळवलेली. लोंब्या चावून थुंकलेल्या, चिखलात खुरांचे खड्डे, गाणी अजून चालूच. मी धुऱ्यावर बसले. तिसरा मजला डोळ्यांपुढे आला.

निरोप मिळताच गुणवंतभाऊ आले. तोंड उतरलेलं. त्यांनी तारा तपासल्या, बॅटरी तपासली. सगळं ठीक. मी एका पिप्याकडे बघत होते.

“गुणवंतभाऊ, ह्या पिप्यांची तोंडं कोणाकडे हायेत?”

“मधात.”

“आन् डुकरं कुठून येतात?”

त्यांनी पिप्याकडे पाहिलं, जंगलाकडे पाहिलं. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले, आधी पाळ्या, मग वरपर्यंत. “जन्मभर ऐकणारे मधात बसले, बाई. बाहेर कोणी बसते हे ध्यानातच नाई आलं.”

“मधात तं मचाणापाशी मीच होती. तेही दिवसा.”

“हव,” ते खाली बघून म्हणाले. “म्हणूनच तं तिकडे तोंड केलं असन.”

धानावरून वारा गेला. आम्ही दोघंही एकदम उठलो आणि पिपे फिरवायला लागलो… एकाच पिप्याला दोघांचे हात.

पिपे बाहेर तोंड करून लागले. गाणी मात्र त्यांना नको होती. “गाण्याले डुकरं दोन दिवसांत सरावतात. माणसाच्या बोलण्याले भेतात. तुम्ही बोला, मी भरून घेतो.”

“तुम्हीच बोला की.”

“मी जन्मभर दुसऱ्याचाच आवाज मोठा केला. माझा मले आठवतही नाई.” त्यांनी माझ्यासमोर माइक धरला. “शिव्या द्या मले. डबे उलटे लावले म्हणून.”

आधी मला हसू आलं. मग लोळवलेल्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि शब्द आपोआप आले. “काहो, डोळे कुठी ठेवले होते? कोणाच्या बापाचं धान हाय हे? पाहून राह्यले तं पाह्यतच राह्यले! निघा! निघा म्हणते ना! पुन्हा इकडे दिसले तं तंगडी मोडून हातात देईन!”

“डुकराले ‘निघा’ म्हणते का कोणी?” सोमारी म्हणाली आणि तिने माइक हिसकून गोंडीत बरंच काही ऐकवलं. त्याचा अर्थ तिने मला आजपर्यंत सांगितलेला नाही. पण बोलताना तिचा आवाज फुटला, तेव्हा मला कळलं, ती डुकरांशी बोलत नव्हती.

त्या रात्रीपासून एकही लोंबी गेली नाही. गावात मात्र माझं नाव झालं. सुकलू पानठेल्यावरून ओरडायचा, “काकू, रातभर कोणाशी भांडता जी? आमचे म्हातारे पण घाबरून झोपले!” मी म्हणायची, “तूही झोप.” भीतीच्या त्या दिवसांत लोकांना हसायला काहीतरी मिळालं होतं. पिपे बांधीत होते, पण आवाज गावाच्या टोकापर्यंत यायचा. कोणीतरी जागं आहे असं वाटायचं, बायका सांगायच्या.

गुणवंतभाऊंचा फोन दर दोन-चार दिवसांनी यायचा.

“बॅटरी उतरली असन.”

“नाई उतरली.”

“उतरन. मी येतो.”

ते यायचे. धुऱ्यावर चहा व्हायचा, सूर्य सागवानाच्या शेंड्यावर असेपर्यंत. मी एकदा विचारलंच, लग्न काऊन नाई केलं?

“हिवाळाभर नाटक. उन्हाळाभर झोप. आन् पावसाळ्यात कोण पोरगी देते?”

“मंग आता? मंडळी तं बुडाली.”

“आता हिवाळा मोकळा हाय,” ते म्हणाले आणि बशीतला चहा उगाच फुंकत बसले. तो केव्हाच निवला होता. थोड्या वेळाने म्हणाले, “तुमच्या शिव्या दुकानात लावतो मी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की.”

“कायले?”

“झोप चांगली लागते.”

मी पदराने तोंड झाकलं. तरी मी त्यांना ‘गुणवंतभाऊ’च म्हणत होते. आमच्याकडे कोणाही पुरुषाला भाऊ म्हणतात, त्यात नातं असतंच असं नाही. पण त्या एका शब्दाच्या आड मला फार सुरक्षित वाटायचं. तो शब्द काढला तर पुढे काय, ते मला ठाऊक नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली. धान पिवळं झालं. आठवडाभरात कापणी. त्या संध्याकाळी ऊन अजून होतं. मशीन लावलं आणि लक्षात आलं, जंगलाकडचा एक डबा बोलत नाही.

“पाहून येतो,” ते म्हणाले.

“राहू द्या. सकाळी पाहू.”

“मागच्या रांगेत आवाज नसला तं माझा जीव लागत नाई, बाई.”

ते गेले. मी मचाणावर मशीनजवळ होते, सोमारी खाली गवताच्या पेंढ्या बांधत होती. धुऱ्यावर पोचून ते वाकले. तार डुकराने ओढली असावी, ते दोन टोकं जोडत होते. आमच्याकडे लहान पोरही जाणतं की जंगलाच्या काठाशी वाकून राहू नये. जनावर वाकलेल्याला माणूस समजत नाही. मंगरू पानं तोडायला असाच वाकला होता. मी ‘उभे राहा’ म्हणणार होते…

रायमुनियाचं झुडूप हललं. वारा नव्हता.

ओरडायचं होतं, आवाजच नव्हता. तोवर ते पिवळं काहीतरी झुडपातून निघून त्यांच्या अंगावर गेलं होतं. हाताने मात्र ऐकलं. मी मशीनचं चाक शेवटपर्यंत फिरवलं.

आणि उरलेल्या चार डब्यांतून मीच ओरडले. रस्त्याकडून, जंगलाकडून, समोरून, बाजूने. “निघा! निघा म्हणते ना!” मचाण थरथरलं. जनावराने मान वर केली. एका पिप्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. ओरडणारी बाई त्याला कुठेच सापडेना. तेवढ्यात माझा स्वतःचा गळा सुटला.

“गुणवंता!”

सोमारी माझ्या आधी धावली. हातात विळा घेऊन, नवरा ज्याने नेला त्याच्यावर सरळ धावत गेली. जनावर दोन पावलं मागे सरलं. मग वळलं आणि झुडपात गेलं, जसं आलं तसं, आवाज न करता. डब्यांमधून मी अजून ओरडतच होते. पुष्कळांना हे खरं वाटत नाही. न वाटो.

त्यांच्या डोक्याची डावी बाजू उघडी पडली होती. मी लुगड्याचा पदर फाडून बांधला. त्या पदरातून रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं. सुकलूने बैलगाडी, मग जीप… रस्ताभर मी त्यांच्या छातीवर हात ठेवून होते. ती वर-खाली होते की नाही, एवढंच जगात होतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ते बरेच दिवस शुद्धीत नव्हते. डावा कान गेला होता आणि त्या बाजूचं ऐकणंही. ज्या माणसाने जन्मभर शेवटच्या रांगेची काळजी केली, त्याची अर्धी दुनिया मुकी झाली. मी खाटेशी बसून होते. अजय आला, दारातच थबकला.

“आई, हे कोण?”

“धान वाचवलं त्यांनी.”

“धानासाठी कोणी असं बसतं का?” तो हळूच म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“लोक महिनाभर रातभर माझा आवाज ऐकून राह्यले. त्यांच्यासाठी नवीन काय हाय?”

तो जाताना माझ्यासाठी चादर ठेवून गेला.

कापणीला मी नव्हते. सोमारीने टोलीवरच्या बाया गोळा केल्या आणि गावच्या बायांसोबत सगळी बांधी कापून, बांधून दिली. मंगरूच्या जागी एक जण तरी परत मिळाला, एवढंच ती म्हणाली.

ते शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या सकाळी मी त्यांच्या डावीकडे बसून संत्रं सोलत होते, आणि ते छताकडे बघत म्हणाले, “इकडून बसा. तिकडचं ऐकू येत नाई.”

मी स्टूल उचलून उजवीकडे आले.

“तुम्ही मले भाऊ नाई म्हटलं,” ते म्हणाले.

“कवा?”

“त्या वेळी.”

“तुम्हाले शुद्ध कुठी होती?”

“तेवढंच ऐकलं.” पट्टीतून फक्त एक डोळा दिसत होता. तो भरून आला होता. “डाव्या कानानं ऐकलेलं ते शेवटलं. आता त्या कानात दुसरं काही जाणार नाई… तेच राहन.”

माझ्या हातातल्या संत्र्याचा रस बोटांवरून गळत होता. मी फोड त्यांच्या ओठांशी नेली.

“मंग आता काय म्हणू?” मी विचारलं.

“जे म्हटलं तेच. पण हळू. आता जनावर नाई इथी.”

मी उजव्या कानाशी वाकले आणि हळू म्हटलं.

माघात आमचा पाट लागला. आमच्यात विधवेचं लग्न दिवेलागणीनंतर, चार माणसांत आणि वाजंत्रीशिवाय लावतात. बँड नाही, मंगलाष्टकं नाहीत. गुणवंत म्हणाले, “वाजंत्री नाई तं नाई. डब्यांले कोण मनाई करते?” आणि त्यांनी अंगणात पाच डबे मांडले, या वेळी तोंडं आत करून. मला मधात बसवलं. भर माघात माझ्या पाठीमागे पाऊस सुरू झाला. सोमारी हसता हसता रडायला लागली.

अजय त्या दिवशी आला नाही. पुढच्या दिवाळीला आला. गुणवंतांना ‘काका’ म्हणाला, आणि शेताचा विषय त्याने पुन्हा खरंच काढला नाही. सुकलू आता सरपंच आहे. अजूनही मला पाहिलं की ‘निघा!’ म्हणतो. बांधी सोमारीचा जावई करतो. धुऱ्याला विजेचा झटका देणाऱ्या मशीनची तार आहे, तिथे कोणी ओरडत नाही. सोमारीला गुडघ्यांनी धरलंय, तरी दर बाजाराला माझ्याकडे येऊन बसते. वाघ आहेतच. साल अजूनही माणसांनीच ओळखलं जातं.

आम्हाला आठ पावसाळे मिळाले. समोरच्या खोलीत त्यांनी डबे नीट बसवले होते आणि मधोमध माझी खुर्ची. स्वतः ते बाजूला बसायचे, उजवा कान माझ्याकडे करून. मागचा पाऊस त्यांना कळायचा नाही. येतोय एवढं कळे, कुठून ते नाही. मग ते मला विचारायचे.

“मागून येते का?”

“येते.”

“किती?”

“पदर घ्यावा एवढा.”

एका पौषात ते झोपेतच गेले. अंथरुणात ते उजव्या कुशीवर होते, ऐकू येणारा कान उशीत दाबून, शांत झोप लागावी म्हणून माणूस झोपतो तसे.

मशीन अजून चालतं. दुपारी घरात कोणी नसलं की मी ती जुनी तबकडी लावते. समोर कोणीतरी बोलतं, दार करकरतं, आणि मागच्या फळीवरून चार थेंब पडतात, मग सरळ धार. आता विचारणारं कोणी नाही. तरी मी पदर डोक्यावर घेते आणि ते बसायचे त्या बाजूला वळून, हळूच, सांगते… येते. पदर घ्यावा एवढा.